व्यवस्थापन पदवीच्या अटी आणि चार श्रेयांकांचा प्रश्न

प्रास्ताविक

पदवीच्या अटी हा विषय महाविद्यालयांत सहसा तक्त्याच्या रूपाने येतो. सत्र, विषयाचे नाव, श्रेयांक, अंतर्गत गुण, बाह्य गुण असे रकाने असलेला कागद अभ्यासमंडळासमोर ठेवला जातो, बेरीज जुळते की नाही हे पाहिले जाते आणि तो संमत होतो. त्या तक्त्यामागे पदवीधराविषयीची कोणती कल्पना उभी आहे, याची चर्चा क्वचितच होते. बी.बी.ए. आणि बी.एम.एस. या व्यवस्थापनाच्या पदव्यांबाबत मात्र ही चर्चा आता लांबणीवर टाकता येणार नाही. २०२३ ते २०२५ या अल्प काळात महाराष्ट्रात या पदव्यांच्या मान्यतेच्या, प्रवेशाच्या आणि श्रेयांकांच्या अशा तिन्ही अटी बदलल्या.

प्रस्तुत लेखात या अटींची चिकित्सा करावयाची आहे. लेखकाचे म्हणणे असे की, प्रवेशाच्या अटीवर सर्वाधिक वाद झाला आणि श्रेयांकांच्या बेरजेवर सर्वाधिक श्रम खर्च झाले; परंतु ज्या एका अटीतून व्यवस्थापन खऱ्या अर्थाने शिकता येईल, ती प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यावयाच्या प्रशिक्षणाची अट मात्र कोणी फारशी गांभीर्याने घेतली नाही. तिचा तोटा महानगरातील विद्यार्थ्यापेक्षा तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला अधिक होतो.

वाणिज्य आणि व्यवस्थापन

पदवी स्तरावर व्यवसायाचे शिक्षण ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हॉर्टन संस्था १८८१ साली स्थापन झाली. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ चे, तर पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. या परंपरेने आपल्याला बी.कॉम. ही पदवी दिली. तिच्या मर्यादा सर्वज्ञात आहेत, परंतु तिच्यापाशी एक निश्चित विद्या होती. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद या क्रमाने विद्यार्थी पुढे जात असे आणि निदान हिशेब लिहिणे त्याला येत असे.

व्यवस्थापनाच्या पदवीने याहून वेगळा दावा केला. मुंबई विद्यापीठात १९९९-२००० पासून बी.एम.एस. सुरू झाली तेव्हा, झालेल्या व्यवहाराची नोंद करणारा नव्हे तर पुढील व्यवहाराचा निर्णय घेणारा पदवीधर घडवायचा, अशी भूमिका होती. कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना तीत प्रवेश होता आणि हे त्या पदवीचे एक चांगले वैशिष्ट्य होते. मात्र हे अभ्यासक्रम बहुतांशी विनाअनुदानित तत्त्वावर चालले. शुल्क बी.कॉम.च्या कितीतरी पट, अध्यापक मोठ्या प्रमाणावर तासिका तत्त्वावर, आणि माध्यम इंग्रजी. ‘निर्णय घेणारा पदवीधर’ हे ध्येय माहितीपत्रकात राहिले. परीक्षेत विचारले गेले ते व्याख्या, प्रकार, फायदे आणि तोटे. दाव्याची आणि अटींची ही फारकत तेव्हापासूनची आहे. नव्या धोरणाने ती निर्माण केलेली नाही, एवढे मान्य करणे न्यायाचे ठरेल.

प्रवेशाची अट

डिसेंबर २०२३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४ ते २०२७ या काळासाठी मान्यता प्रक्रियेची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि बी.बी.ए., बी.एम.एस. व बी.सी.ए. हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. त्यामागोमाग महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने या अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा सुरू केली. पहिली परीक्षा मे २०२४ च्या अखेरीस झाली. राज्यातील जागा एक लाखाच्या वर आणि परीक्षा देणारे पन्नास हजारांच्या आत, अशी स्थिती उद्भवल्याने ऑगस्ट २०२४ मध्ये अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. परीक्षा आहे हेच अनेक विद्यार्थ्यांना बारावीच्या निकालानंतर कळले. अर्थात नव्या व्यवस्थेच्या पहिल्या वर्षीची ही अडचण म्हणून ती बाजूला ठेवता येईल. विचार करावयाचा तो परीक्षेच्या आशयाचा.

शंभर प्रश्नांची ही परीक्षा इंग्रजीतून होते. त्यांपैकी चाळीस प्रश्न इंग्रजी भाषेवर, तीस तर्कक्षमतेवर, पंधरा सामान्य ज्ञानावर आणि पंधरा संगणकाच्या प्राथमिक माहितीवर, अशी तिची विभागणी ठरविण्यात आली. ज्या पदवीचे शिक्षण इंग्रजीतून आहे तिच्या प्रवेशासाठी इंग्रजी तपासणे तर्काला सोडून आहे, असे म्हणता येणार नाही. परंतु चाळीस टक्के भार एका भाषेवर ठेवणे म्हणजे व्यवस्थापनाची पात्रता ही मुख्यतः त्या भाषेतील सफाई आहे, असे अप्रत्यक्षपणे जाहीर करणे होय. वडिलांच्या किराणा दुकानात चार वर्षे उधारीची वही सांभाळणारा विद्यार्थी या कसोटीवर मागे पडतो, आणि शब्दांचे समानार्थी पर्याय पाठ केलेला विद्यार्थी पुढे जातो.

या अटीचे खरे स्वरूप उघड झाले ते महाविद्यालयांच्या प्रतिसादातून. परिषदेची मान्यता, तिचे निकष आणि प्रवेश परीक्षा यांतून सुटका व्हावी म्हणून अनेक महाविद्यालयांनी आपला अभ्यासक्रम बी.कॉम. (व्यवस्थापन अभ्यास) अशा नावाने चालविणे पसंत केले. विषय बरेचसे तेच, वर्गखोल्या त्याच, शिकविणारेही तेच. पाटी बदलली आणि अट गळून पडली. महाविद्यालयांना यासाठी केवळ दोष देणे योग्य नाही, कारण रिकाम्या जागांवर विनाअनुदानित तुकडी चालत नाही. तथापि, नाव बदलताच जी अट निरर्थक होते ती शैक्षणिक अट होती काय, हा प्रश्न उरतोच. नियमन हवे, कारण कोणत्याही सुविधांवाचून पदवीची दुकाने थाटली गेली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण दारावरचा पहारा कडक केल्याने घरातील अन्न आपोआप सुधारत नाही.

श्रेयांकांची बेरीज

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम व श्रेयांक आराखडा जाहीर केला. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या सन्मान पदवीसाठी किमान १६० श्रेयांक त्यात ठरविले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने हीच मर्यादा अनुक्रमे १२० ते १३२ आणि १६० ते १७६ अशी घेतली. स्वायत्त महाविद्यालयांत हा आराखडा २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम, क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग, कार्यप्रशिक्षण अशा कप्प्यांत हे श्रेयांक वाटले जातात. एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही आहे; व्यवस्थापनाचे एका वर्षाचे प्रमाणपत्र घेतलेल्या तरुणाला कोणता मालक कोणते काम देईल, हे मात्र अद्याप कोणी सांगितलेले नाही.

विविध ज्ञानशाखांचा परिचय व्हावा या हेतूविषयी दुमत होण्याचे कारण नाही. किंबहुना, व्यवसायशिक्षणाच्या इतिहासात ही मागणी नवी नाही. १९५९ साली अमेरिकेत फोर्ड प्रतिष्ठानासाठी गॉर्डन व हॉवेल यांनी, आणि कार्नेगी निगमासाठी पिअरसन यांनी असे दोन स्वतंत्र अहवाल सादर केले. तेथील व्यवसायशिक्षण संकुचित आणि कारकुनी वळणाचे झाले आहे, असा दोहोंचा सूर होता. पदवीचा मोठा वाटा सामान्य शिक्षणाला द्यावा, अशी त्यांची शिफारस होती. त्यानंतर अर्धशतकाने, २०११ साली, कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीने कोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पदवी स्तरावरील व्यवसायशिक्षणाचा अभ्यास केला. या वेळी तक्रार निराळी होती. मानव्यविद्या अभ्यासक्रमात आल्या होत्या, पण व्यवसायाच्या विषयांशी त्यांचे नाते जुळले नव्हते. व्यायामशाळेतील वजनाच्या दांड्यासारखी त्यांची स्थिती होती: दोन्ही टोकांना भार आणि मध्ये बारीकसा दांडा.

आपल्या तक्त्याला हे वर्णन जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण आपल्याकडे टोके दोन नसून दहा-बारा आहेत. परिषदेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला बी.बी.ए.चा आदर्श अभ्यासक्रम पाहावा. वित्तीय लेखांकन, संख्याशास्त्र, विपणन यांच्याबरोबर माध्यम साक्षरता, भारतीय संविधान, पर्यावरण आणि भारतीय ज्ञानप्रणाली हे विषय त्यात आहेत. विषय वाईट नाहीत. काही तर फार पूर्वीच यायला हवे होते. परंतु संविधानाच्या तासाला कामगाराच्या हक्कांची चर्चा झाली आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या तासाला त्याच कामगाराला ‘संसाधन’ म्हणून शिकविले, तर या दोहोंची गाठ विद्यार्थ्याच्या मनात कोण घालणार? तक्त्यात त्यासाठी रकाना नाही. आमच्या मते ती गाठ घालण्याची जागा एकच आहे आणि ती म्हणजे कामाचे ठिकाण.

कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक

राज्याच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीत कार्यप्रशिक्षणाला, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ म्हणतो त्याला, चार श्रेयांक आहेत. १३२ पैकी चार, म्हणजे शेकडा तीन. एका श्रेयांकामागे तीस तास धरल्यास एका विद्यार्थ्याने १२० तास प्रत्यक्ष काम करावयाचे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णालय, कृषीच्या विद्यार्थ्याला शेत आणि शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला शाळा जेवढी आवश्यक, तेवढीच व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला पेढी आवश्यक असताना तिला मिळालेला हा वाटा आहे.

वाटा लहान आहे ही तक्रार दुय्यम. जो आहे तो कसा पूर्ण होतो, हे अधिक गंभीर आहे. साठ विद्यार्थ्यांची एक तुकडी घेतली तर ७,२०० तासांच्या कामाची सोय करावी लागते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या कामाच्या ठिकाणी मार्गदर्शक अध्यापकाने दोनदा जायचे ठरविले तर भेटी होतात १२०. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला या भेटींचे मानधन सहसा मिळत नाही आणि नियमित अध्यापकाच्या कार्यभारात त्या नीट मोजल्या जात नाहीत. परिणाम ठरलेला आहे. विद्यार्थी ओळखीच्या दुकानदाराकडून, कर सल्लागाराकडून किंवा नातेवाइकाच्या एजन्सीतून पत्रशीर्षावर प्रमाणपत्र आणतो. नोंदवही एका रात्रीत, एकाच शाईने भरली जाते. अहवालात कंपनीचा इतिहास, ध्येय व दृष्टी, संघटन तक्ता आणि शेवटी काही सूचना असतात. त्या सूचना कोणत्याही उद्योगाला लागू पडतील अशा असतात आणि म्हणूनच कोणत्याही उद्योगाला उपयोगी पडत नाहीत. हे सर्व आपण जाणतो, मौखिक परीक्षेत दोन प्रश्न विचारतो आणि गुण देतो.

याबद्दल विद्यार्थ्याला दोषी ठरविण्यापूर्वी अटीची शब्दयोजना पाहिली पाहिजे. अट मागते ते तास, प्रमाणपत्र, नोंदवही आणि अहवाल. विद्यार्थ्याने कोणता निर्णय होताना पाहिला, त्या निर्णयामागील आकडे कोणते होते आणि तो चुकला असता तर कोणाचे किती नुकसान झाले असते, हे ती विचारत नाही. जे मागितले तेच मिळते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लहान गावात उद्योगच नाहीत, मग प्रशिक्षण कोठे द्यायचे? हा आक्षेप ज्या समजुतीवर आधारलेला आहे तीच तपासून पाहण्यासारखी आहे. व्यवस्थापन म्हणजे काचेच्या इमारतीतील कार्यालय, ही ती समजूत. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे तिला खतपाणी घालतात. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, पतसंस्था आहेत, दूध संकलन केंद्रे आहेत, अनेक ठिकाणी सहकारी साखर कारखाना आहे. यांतील एकेक संस्था म्हणजे व्यवस्थापनाचे संपूर्ण पाठ्यपुस्तक होय.

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या कांदा बाजाराचे उदाहरण घ्या. लिलाव कसा पुकारला जातो, हिशेबपट्टीत वजन, दर, हमाली, तोलाई हे रकाने कसे येतात, हे चार दिवस पाहिल्यावर किंमतनिर्धारणाचे प्रकरण वेगळे वाचावे लागत नाही. आडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. २०१६ साली फळे व भाजीपाला नियमनमुक्त करताना ती खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले आणि व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. एका रकान्याची जागा बदलल्याने कोणाचा नफा, कोणाचा खर्च आणि कोणाचे भांडवल कसे हलते, हे त्या पट्ट्या शेजारी ठेवून शिकविता येते. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. बंदी आली तो हंगाम लाल कांद्याचा. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. ज्याच्याकडे माल येऊन पडला आहे त्या व्यापाऱ्याने त्या आठवड्यात काय करावे? व्यावसायिक पर्यावरण, जोखीम, साठा व्यवस्थापन ही तीन प्रकरणे या एका प्रश्नात येतात, आणि उत्तर देणारा माणूस महाविद्यालयापासून दोन किलोमीटरवर बसलेला असतो.

साखर कारखान्याचे उदाहरण वित्ताच्या दृष्टीने आणखी बोलके आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला रास्त दर द्यावयाचा असतो. उशीर झाल्यास व्याज लागते. गाळप मात्र काही महिन्यांतच उरकते आणि तयार झालेली साखर वर्षभर विकावी लागते. शिवाय २०१८ पासून कोणत्या महिन्यात किती साखर विकायची, याचा कोटा केंद्र सरकार ठरविते. म्हणजे देणे आज, येणे पुढील बारा महिन्यांत, आणि येण्याचा वेगही आपल्या हाती नाही. ही दरी कारखाना साखरेवर मालतारण कर्ज काढून भरतो. खेळत्या भांडवलाचे याहून चांगले उदाहरण कोणत्या परदेशी पुस्तकात मिळेल, हे आम्हांस ठाऊक नाही. कारखान्याच्या लेखा विभागात तीन आठवडे बसलेला आणि एका हंगामाचा रोख प्रवाह स्वतः मांडलेला विद्यार्थी, सूत्रे पाठ केलेल्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक जाणतो. पतसंस्थेतील पिग्मी ठेवीचा प्रतिनिधी दररोज किती दुकाने फिरतो आणि कोणत्या दुकानाची पिग्मी बंद पडली की संस्थेने सावध व्हावे, हाही असाच विषय आहे.

भाषेची अडचण

एवढे असूनही या संस्था प्रशिक्षणासाठी फारशा निवडल्या जात नाहीत, याचे एक कारण भाषेत आहे. बाजार समितीतील सारा व्यवहार मराठीत होतो. पट्टी मराठीत, ठराव मराठीत, भांडण मराठीत. विद्यार्थ्याने अहवाल मात्र इंग्रजीत लिहावयाचा असतो. जे पाहिले त्याचे शब्द त्याच्यापाशी आहेत, पण अहवालात ते चालत नाहीत. आणि जे चालतात ते शब्द त्याने पाहिलेल्या गोष्टीला लागू पडत नाहीत. अशा वेळी तो तयार मजकूर उतरवून काढतो. नक्कल हा येथे केवळ शिस्तीचा प्रश्न उरत नाही. अनेक विद्यापीठांत बी.कॉम.ची उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते. व्यवस्थापनाच्या पदवीत निदान कार्यप्रशिक्षणाचा अहवाल मराठीतून स्वीकारला तर कोणत्याही मानकाला धक्का पोहोचत नाही. इंग्रजीत सारांश मागावा, तिचा सराव जरूर व्हावा. मात्र ज्या भाषेत निर्णय झाला त्या भाषेत त्याची नोंद करण्याची मुभा असावी. भाषांच्या कप्प्यात मराठीला जे श्रेयांक मिळाले आहेत, त्यांतही व्यावसायिक पत्रव्यवहार, ठरावलेखन, हिशेबपट्टीचे वाचन हे घटक घेता येतील. मराठीच्या आणि व्यवस्थापनाच्या अध्यापकांनी त्यासाठी एकदा एकत्र बसले पाहिजे, जे एकाच कर्मचारी कक्षात राहूनही सहसा घडत नाही.

अटीत काय बदलता येईल

आराखडा राज्याचा आहे, निकष परिषदेचे आहेत. मग महाविद्यालयाच्या हाती काय उरते, असा प्रश्न विचारला जाईल. स्वायत्त महाविद्यालयाच्या हाती बरेच उरते आणि संलग्न महाविद्यालयाच्या हाती मूल्यमापनाची पद्धत बऱ्याच अंशी उरते. श्रेयांक चारच ठेवूनही अटीचा मजकूर बदलता येईल. अहवालाऐवजी विद्यार्थ्याने एक कागद आणावा: हिशेबपट्टी, साठा नोंदवहीचे पान, थकबाकीची यादी किंवा खरेदीचा ठराव, संस्थेच्या संमतीने आणि नावे झाकून. त्या कागदावरील प्रत्येक आकडा कोठून आला आणि कोणत्या निर्णयाकडे गेला, हे त्याने तोंडी समजावून द्यावे. परीक्षक म्हणून अध्यापकाबरोबर त्या व्यवसायातील एक माणूस बसवावा, मग तो पदवीधर नसला तरी चालेल. साठ ठिकाणी साठ विद्यार्थी पाठविण्याऐवजी पाच-सहा संस्थांशी महाविद्यालयाने दीर्घकाळचा करार करावा, म्हणजे अध्यापकाच्या भेटी आवाक्यात येतील आणि दरवर्षीची तुकडी मागील तुकडीच्या नोंदींवर पुढे काम करील.

यात एक अडचण खरी आहे. व्यापारी आपले कागद बाहेर देण्यास सहसा राजी नसतो, आणि सहकारी संस्थांत तर प्रशिक्षणार्थ्याने काय पाहावे यालाही राजकीय संदर्भ असतात. संस्थाचालक आणि कारखान्याचे संचालक एकाच घरातील असण्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. तेथे थकबाकीची यादी मागणारा विद्यार्थी कोणालाच नको असतो. म्हणून सुरुवात लहान पेढ्यांपासून, आणि मागील वर्षाच्या बंद झालेल्या हिशेबांपासून करणे व्यवहार्य ठरेल. आडत दुकानदाराला गेल्या दिवाळीच्या पट्ट्या दाखविण्यात फारसा धोका वाटत नाही. उलट कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी किती दिवस थकली, याचा तक्ता कोणी नीट करून दिला तर त्याला तो हवाच असतो.